धर्मपुरुष मुळात कोणाचे, या वादातला दावा कसा तपासावा

नाताळ जवळ आला की येशू ज्यू होते की पॅलेस्टिनी, बुद्धपौर्णिमेला बुद्ध भारताचे की नेपाळचे, आणि एकलव्याचे नाव निघाले की तो भिल्ल होता की आणखी कोणी, हे वाद आता खानदेशातल्या वाचनालयांत आणि शाळांच्या शिक्षक-खोल्यांतही पोहोचले आहेत. अशा वेळी ज्याला चार लोकांसमोर काहीतरी जबाबदारीने बोलावे लागते, त्या शिक्षकासाठी, व्याख्यात्यासाठी किंवा मंडळाच्या कार्यकर्त्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रथम दावा एका वाक्यात कागदावर लिहावा आणि तो नेमका कशाविषयी आहे हे ठरवावे: जन्मगावाविषयी, लोकसमूहाविषयी, धर्माविषयी, भाषेविषयी की आजच्या राष्ट्राविषयी. निम्मे भांडण इथेच मिटते, कारण बहुतेक वेळा एक पक्ष गावाबद्दल बोलत असतो आणि दुसरा समाजाबद्दल.

ही फोड करण्याचा सराव धार्मिक व्यक्तीवर करू नये. घरचे, कमी तापलेले उदाहरण घ्यावे. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला जन्मल्या. तेव्हा जळगाव नावाचा जिल्हा नव्हता. खानदेश हा मुंबई इलाख्यातला एक जिल्हा होता आणि त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग १९०६ साली पडले. तरीही ‘बहिणाबाई जळगाव जिल्ह्यातल्या’ हे विधान कोणी खोटे म्हणणार नाही, कारण त्यात आजच्या नकाशावरचे ठिकाण सांगितले आहे. त्या स्वतःला काय म्हणवीत असतील, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. (त्यांची बोली लेवा की अहिराणी, यावर आपल्याकडे अजूनही आवाज चढतात, तेव्हा हे उदाहरणही अगदीच थंड आहे असे नाही.)

त्यानंतर पुरावा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे पाहावे. याला चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख उत्तम आहे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने तिथे मठ स्थापला आणि त्या मठाला शके ११२८ मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने दान दिले. लेखात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ आहे. एवढ्या भक्कम पुराव्यावर ‘भास्कराचार्य पाटणचेच’ असे म्हणण्याचा मोह खानदेशी माणसाला होतोच. परंतु लेखावरून त्यांचे कुळ आणि त्या कुळाचा पाटणशी आलेला संबंध सिद्ध होतो, जन्मगाव सिद्ध होत नाही. खुद्द भास्कराचार्य सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडविड या गावाचे नाव सांगतात, आणि ते गाव म्हणजे विजापूर, बीड की पाटण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या गावाच्या बाजूने झुकणारा पुरावाही जो इतक्या कठोरपणे वाचू शकतो, त्याने मग दूरच्या प्रश्नांना हात घालावा.

बुद्धांच्या बाबतीत लुंबिनीचा अशोकस्तंभ हा मुख्य पुरावा आहे. १८९६ साली उजेडात आलेल्या त्याच्या लेखात राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः तिथे आला, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने स्तंभ उभारला आणि गावाचा करभार हलका केला, असे कोरलेले आहे. लुंबिनी आज नेपाळात आहे, म्हणून जन्मस्थळाच्या प्रश्नाचे उत्तर ‘आजचे नेपाळ’ असेच द्यावे. त्यात आढेवेढे घेऊ नयेत. २०२० साली भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या एका वक्तव्यावर नेपाळने हरकत घेतली, तेव्हा भारत सरकारनेही हेच स्पष्ट केले. मात्र त्यावरून बुद्धांना आजच्या अर्थाने नेपाळी नागरिक ठरवता येत नाही, आणि बोधगया व सारनाथ इकडे आहेत म्हणून भारतीयही ठरवता येत नाही. ते शाक्य गणाचे होते. कंपनी सरकार आणि नेपाळ यांच्यातला सुगौलीचा तह, ज्याने सीमेचा पाया घातला, १८१६ साली अमलात आला. म्हणजे बुद्धांनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी.

येशूंच्या वादात अधिक सावध राहावे, कारण तिथे आज रक्त सांडते आहे. शुभवर्तमानांप्रमाणे ते ज्यू आईच्या पोटी जन्मले, आठव्या दिवशी त्यांची सुंता झाली, ते सभास्थानात म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात जात, वल्हांडण हा ज्यूंचा सण पाळत, आणि त्यांच्या क्रुसावरच्या फलकावर ‘यहुद्यांचा राजा’ असे लिहिले होते. ते ज्यू होते, यात अभ्यासकांमध्ये वाद नाही. पॅलेस्टाईन हे नाव ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या लेखनात त्यांच्याही आधी आढळते, परंतु रोमनांनी यहुदिया प्रांताला ‘सीरिया पॅलेस्टिना’ हे नाव दिले ते बार कोखबाच्या नेतृत्वाखालचे ज्यूंचे बंड मोडल्यानंतर, इ. स. १३५ च्या सुमारास. बेथलेहेम आज पॅलेस्टिनी भागात आहे आणि तिथे पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हेही तितकेच खरे. ही विधाने शेजारी शेजारी लिहिली तर एकमेकांना खोडत नाहीत. एकाने दुसऱ्याची जागा घेतली की वाद पेटतो. येशूंचे ज्यूपण पुसण्याचा उद्योग कुठवर जाऊ शकतो, हे जर्मनीत दिसले: १९३९ साली आयझेनाख येथे चर्चजीवनातून ज्यू प्रभाव काढून टाकण्यासाठी संस्थाच स्थापन झाली आणि तिच्या विद्वानांनी येशू ज्यू नव्हतेच असे मांडले. म्हणून दावा कोण, केव्हा आणि कशासाठी करतो, याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. पण ती नोंद म्हणजे दाव्याचे खंडन नव्हे, हेही त्याच रकान्याच्या वर लिहून ठेवावे.

नंदुरबारकडे बोलायचे असेल तर एकलव्य आणि शबरी टळत नाहीत. महाभारताच्या आदिपर्वात एकलव्य हा निषादराज हिरण्यधनूचा मुलगा आहे; तिथे त्याला भिल्ल म्हटलेले नाही. उत्तर प्रदेशातला निषाद समाजही त्याला आपला मानतो. वाल्मीकी रामायणातली शबरी मतंग ऋषींच्या आश्रमातली तपस्विनी आहे, आणि उष्ट्या बोरांचा प्रसंग त्यात नाही. इथे ग्रंथ बंद करून निकाल देऊन टाकणे सोपे असते, पण ते चुकीचे ठरेल. अंगठ्याचा उपयोग न करता बाण सोडण्याची रीत एकलव्याच्या आठवणीसाठी आहे, असे भिल्ल समाजात सांगितले जाते. ही परंपरा महाभारतकाळाचा पुरावा नसली, तरी त्या समाजाच्या आत्मभानाचा पुरावा आहे आणि तशीच नोंदवावी. नवापूरपासून फार लांब नसलेल्या डांगमधल्या शबरीधामला २००६ साली कुंभ भरला, तेव्हा आदिवासी की वनवासी हा वाद याच आत्मभानावरून उभा राहिला. म्हणून अशा सभेत आधी समाजातल्या जाणत्या माणसाला कथा सांगू द्यावी आणि श्लोक नंतर वाचावा. क्रम उलटा झाला तर चर्चा संपते, हे ठरलेले.

एक गोष्ट सभेत उघडपणे सांगावी. वनहक्क कायद्याखाली आदिवासीचा दावा १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्यावर आणि वहिवाटीवर ठरतो. एकलव्य भिल्ल होता की नव्हता, याने त्यात काही फरक पडत नाही. हे कळले की ग्रंथातल्या ओळीवर हक्काचे ओझे राहत नाही आणि माणसे ती ओळ शांतपणे वाचतात.

मोबाईलवर आलेला श्लोक किंवा शिलालेखाचा फोटो कोणी पुढे केला, तर त्याच्याकडे पर्व आणि अध्याय, किंवा लेखाचे ठिकाण आणि शक, मागावे. महाभारताचा श्लोक पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या पाठात, पाहावा. तो मूळ पाठात न घेता तळटीपेत टाकलेला असेल तर तसे सांगावे. संदर्भ मिळाला नाही, तर तो दावा त्या दिवशीच्या चर्चेत घेऊ नये आणि आणणाऱ्याला पुढच्या बैठकीची तारीख द्यावी.