दोन क्विंटलची गाडी घेण्याआधी

शोरूमला जाण्याआधी घरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा. जे बूट घालून गाडी चालवणार आहात तेच पायात असू द्या. नातवाचं एखादं जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधून आडवं वर चढवा, जांघेला घट्ट टेकेपर्यंत, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायला कोणाला तरी सांगा. माझं माप बुटासकट ७९ सेंटिमीटर, म्हणजे ७९० मिलिमीटर आलं. साठीच्या आसपास अॅडव्हेंचर मोटरसायकल, म्हणजे खडबडीत वाटेवरही चालणारी उंच गाडी, घ्यायची तर आधी हा आकडा खिशात हवा. सीसी, हॉर्सपॉवर, मोबाइल जोडायचा स्क्रीन, हे सगळं त्याच्या मागून.

कारण या गाड्यांच्या सीटा उंच. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, दोन्हींची सीट ८२५ मिलिमीटरवर. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५. आपल्या वावरात जाणारी स्प्लेंडर ७८५. चार-पाच सेंटिमीटरनं काय होते, असं मलाही वाटलं होतं. स्प्लेंडरवर टाच टेकते, तिथे यांच्यावर बोटं टेकतात, एवढं होते. अर्थात नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आपण बसलो की शॉकअप दबतो, गाडी थोडी खाली येते. सीट पुढे निमुळती असेल तर पाय सरळ खाली उतरतो, रुंद असेल तर फाकतो आणि तेवढी उंची फुकट जाते. म्हणून बूट घालूनच बसून पाहायचं. दोन्ही पाय पुरले नाही तरी चालेल, पण डाव्या पायाचा पंजा पूर्ण टेकला पाहिजे. हिमालयन ४५० ला ८०५ ची बुटकी सीट वेगळी मिळते, ती मागून लावून पाहा. मागची लिंक बदलून गाडीच खाली बसवून देणारे मेकॅनिक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. ज्या ग्राउंड क्लिअरन्ससाठी, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या उंचीसाठी, पैसे मोजले तोच जातो, आणि साइड स्टँडवर गाडी इतकी सरळ उभी राहते की वाऱ्यानंही पलीकडे कलंडावी.

एवढं पायाचं पुराण कशाला, तर आमच्याकडे विदर्भात डांबराची कड संपली की काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा, आणि दोन सरी पडल्या की तीच साबणाची वडी. दोन वर्षांमागे जुलैत मित्राची मोठी गाडी चालवून पाहत होतो. दारव्ह्याकडून गावाकडे येताना रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, अलीकडे समोरून बैलगाडी आली म्हणून कडेला घेऊन थांबलो. तोवर गाडी लोण्यासारखी चालली होती. डावा पाय टेकवला तो नेमका डांबर सोडून गाऱ्यात. पाय सरकला, गाडी कलली, आणि एका हद्दीपुढे कललेली गाडी कोणाच्या बापाला धरवत नाही. तिला मी जवळजवळ निजवलीच म्हणा. बैलगाडीवाला खाली उतरला. "लागलं त नाही ना काका? एवढं धूड काऊन आणलं जी?" दोघांनी मिळून उभी केली. मोटरसायकल चालवायला लागून मला चाळीस वर्षं झाली, चालवायचं कोणी शिकवायची गरज नाही. पण उभी गाडी सांभाळणं, मागे ढकलणं आणि पडली तर एकट्यानं उचलणं, हे तीन धडे त्या रपट्यावर मिळाले. या यादीतलं बाकी सगळं त्यांच्यावरच टांगलेलं आहे.

वजन क्विंटलमध्ये मोजा, लवकर समजते. हिमालयन ४५० पेट्रोलसकट १९६ किलो, म्हणजे दोन क्विंटलला चार किलो कमी. एक्सपल्स २०० साधारण १६०, व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७. स्प्लेंडर ११२. सोयाबीनचं पोतं पूर्वी एका दमात पाठीवर घेत होतो, आता सालदाराला हाक मारतो; तोच मी शोरूममध्ये दोन क्विंटलला हात घालताना बावीस वर्षांचा कसा होणार? शोरूमवाल्याला सांगा, साइड स्टँडवरून सरळ करू द्या, दहा पावलं मागे ढकलू द्या, आणि जमलं तर थोड्या चढावर मागे घेऊ द्या. तो हसेल. हसू द्या.

उचलायचा सराव घरी करायचा, कोणाची तरी जुनी गाडी मागून. आम्ही सोयाबीनच्या कुटाराचा ढीग पसरला आणि त्यावर गाडी आडवी केली, म्हणजे पत्र्याला ओरखडा नाही आणि मालकाचा जीव टांगणीला नाही. इंजिन बंद करा, गाडी गिअरमध्ये ठेवा म्हणजे ती सरकत नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उचलल्याबरोबर डावीकडे दुसऱ्यांदा पडेल. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करून उकिडवे बसा, कुल्ले सीटच्या कडेला टेकवा, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पाठ सरळ ठेवून मागे मागे लहान पावलं टाकत जा. जोर मांड्यांचा लागतो, कमरेचा अजिबात नाही. पहिल्या दिवशी मला तिसऱ्या खेपेला जमलं. ज्या गाडीला पाचव्या खेपेलाही जमणार नाही ती आपली नाही, मग ती कितीही देखणी असो.

मधल्या काळात डॉक्टरकडे एक चक्कर मारून या. गुडघे, कंबर, बीपी, साखर, डोळे. साखरेवाल्यांनी तळपायाची जाणीव मुद्दाम तपासून घ्यावी, कारण मागचा ब्रेक त्याच पायाच्या भरवशावर आहे. मोतीबिंदूचं काम लांबवलं असेल तर गाडीआधी ते.

लायसन्स काढून नीट वाचा. आमच्या भागात कित्येकांच्या लायसन्सवर चारचाकी किंवा ट्रॅक्टर आहे, गिअरच्या मोटरसायकलची नोंदच नाही, आणि आयुष्यभर कोणी विचारलं नाही म्हणून माहीतही नाही. अपघातानंतर विमा कंपनी मात्र विचारते. पंचावन्न उलटल्यावर काढलेलं किंवा नव्यानं केलेलं लायसन्स पाचच वर्षं चालते, त्याला डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो. तारीख जवळ आली असेल तर आधी ते उरकून घ्या.

आता गाडी फिरणार कुठे, हे स्वतःशी खरं बोला. डोळ्यांपुढे लडाख असते. प्रत्यक्षात आठवड्यातून तीनदा तालुक्याला, रोज चार किलोमीटर पांदण म्हणजे शेताची कच्ची वाट, आणि वर्षातून एकदा लोणार किंवा परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही, त्यामुळे ताशी १४० चा मोह धरून उपयोग नाही. एवढ्या कामाला २००-२५० सीसी पुरून उरते, असं माझं मत. रोज नागपूर गाठायचं असेल त्यांचं वेगळं असू शकते.

पांदणीसाठी दोन गोष्टी पाहा, ज्या शोरूममध्ये कोणी दाखवत नाही. एक, पुढच्या टायर आणि मडगार्डच्या मधलं अंतर. तिथे चार बोटं आडवी जायला पाहिजेत. काळा गारा टायरला चिकटून वर चढतो, मडगार्डखाली थापला जातो, आणि शंभर पावलांत चाक फिरायचं बंद होते. मग तुराटीनं उकरत बसा. दुसरी गोष्ट बाभळीचा काटा. ट्यूबलेस टायर असेल तर काटा उपसून पट्टी ठोसली, हवा भरली, दहा मिनिटांत मोकळे. ट्यूबचं चाक असेल तर ते खोलायला लागते, आणि पुढचं चाक २१ इंचाचं असेल तर त्याची ट्यूब आठवडी बाजाराच्या गावातल्या पंक्चरवाल्याकडे नसते. ती आपल्याच डिकीत हवी. व्ही-स्ट्रॉमला अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर, एक्सपल्सला स्पोक आणि ट्यूब. स्पोकची चाकं दगडावरचा मार जास्त सोसतात, हेही तितकंच खरं. माझं झुकतं माप ट्यूबलेसकडे होतं, तरी वजनापायी शेवटी एक्सपल्स घेतली. आता दोन ट्यूबा आणि पंप सोबत घेऊन फिरतो, आणि दर काट्याला स्वतःला दोन शब्द ऐकवतो.

टेस्ट राइड सकाळच्या गारव्यात देतात. दुपारी एकला मागा, आणि शक्य असेल तर मे महिन्यात. ४५ अंशांत, बाजाराच्या गर्दीत, रेडिएटरचा पंखा चालू झाला की गरम झळ कोणत्या गुडघ्यावर येते ते तेव्हाच कळते. सरळ रस्त्यावर पळवून पाहण्यात वेळ घालवू नका, सगळ्याच छान पळतात. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, रस्त्याच्या रुंदीत वळून दाखवा. पायदानावर उभे राहून शंभर मीटर जा; कमरेत वाकावं लागत असेल तर हँडल तुमच्यासाठी खाली आहे. चढताना पाय मागून टाकता येतो का तेही पाहा. मागे पेटी लावली की तो रस्ता बंद होतो, मग डाव्या पायदानावर सायकलसारखा पाय देऊन चढावं लागते, आणि तेव्हा साइड स्टँड भक्कम जमिनीवर असला पाहिजे.

घरच्या बाईला सोबत न्या. मागची सीट आणखी उंच असते, साडीत एका बाजूनं बसायला ती केलेलीच नाही. आमच्या हिनं शोरूममध्ये दोनदा पाय उचलला, दोनदा खाली ठेवला, आणि सेल्समनदेखत निकाल दिला, "तुमी जा लोणारले या हत्तीवर. मी एसटीनं येतो, माहं अर्धं तिकीट आहे." त्यामुळे स्प्लेंडर विकायची नाही, हेही तिथेच ठरलं. तुमच्या घरी दोघांनी फिरायचं असेल तर गाडी तिच्या पायानं निवडा.

सर्व्हिस सेंटर किती लांब, हा प्रश्न किमतीइतकाच मोठा. जिल्ह्याच्या गावी आहे, की अमरावती-नागपूर गाठावं लागते? फोन करून सरळ विचारा, क्लच केबल, ब्रेकचे पॅड आणि लिव्हर आज तुमच्याकडे आहेत का? "मागवून देऊ" म्हणाला तर किती दिवसांत, ते विचारा. कापसाच्या दिवसांत धुळीनं एअर फिल्टर लवकर भरतो, तो स्वतः काढता येतो का तेही पाहून घ्या.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. म्हणजे हिमालयन ४५० किंवा केटीएम ३९० अॅडव्हेंचर घेताना फरक इंजिनाइतकाच कराचाही असतो. ऑन-रोड किंमत कागदावर, एकेक ओळ सुटी करून मागा. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या दुचाकीला सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षा-वर्षाचा घेता येतो आणि बाहेरूनही घेता येतो. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच असेल तर दुसऱ्यांदा घेऊ नका. "हँडलिंग" नावाची ओळ दिसली की बोट ठेवा; एका ठिकाणी मी नुसतं बोट ठेवलं, काही बोललो नाही, आणि ओळ गेली. दसऱ्याच्या गर्दीत कोणी ऐकत नाही. पितृपक्षात किंवा पौषात जा, शोरूम रिकामं असते, मॅनेजर स्वतः चहा सांगतो. मुहूर्ताचं ज्यांचं त्यांनी पाहावं.

गाडीआधी हेल्मेट घ्या, आयएसआयचं, पूर्ण तोंडाचं. घोटा झाकणारे बूट, गुडघ्याची कवचं, जाळीचं जॅकेट. जाळीचं अशासाठी की आमच्या उन्हात दुसरं कोणी घालतच नाही, खुंटीला टांगून ठेवतो. गाडीला इंजिनाखालची प्लेट, हाताचं गार्ड आणि क्रॅश गार्ड पहिल्याच दिवशी. बाकीची सजावट सहा महिन्यांनी सुचली तर बघू.

ताब्यात घेताना दिवसाच्या उजेडात घ्या. चेसिस नंबर कागदाशी ताडा, किलोमीटर बघा, दोन्ही चाव्या मागा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातलं टायर. टूलकिट उघडून बघा, मला पाना नसलेलीच पिशवी मिळाली होती, नारळ फोडायच्या घाईत ते घरी आल्यावर दिसलं. टाकीत पंपापर्यंत पोचण्यापुरतंच पेट्रोल असते, म्हणून पहिला थांबा पंपावर.

आणि तिथून निघायचं ते दुपारी तीनच्या आत. सूर्य बुडाल्यावर बिनलाइटच्या कापसाच्या गाड्या रस्त्यावर येतात, आणि तुरीतून रोही (नीलगाय) निघाला की तो डावीकडे पळेल की उजवीकडे, हे त्यालाही ठरवता येत नाही. नव्या गाडीचा ब्रेक अजून पायात बसलेला नसतो. मी पाच वाजता घरी होतो. अंगणात उतारावर उभी केली, आणि सकाळी मागे काढायला शेजारचं पोट्टं बोलवावं लागलं. तेव्हापासून तोंड रस्त्याकडे करूनच लावतो.