केळीच्या धाग्याचा रिपोर्ट आला, आता आकडे वाचायचे कसे?

रावेर-यावलकडे घड उतरला की खोडं पडून राहतात, त्यातनं धागा काढून मॅट नाहीतर कंपोझिट (रेझिनमध्ये धागा बसवून केलेलं मटेरियल) बनवायचा प्रोजेक्ट घेतला असेल तर कधी ना कधी धाग्यांचा फोटो मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट हातात येतो, सरासरी लांबी एवढी, सरासरी कोन एवढा, आणि आपण तेच दोन आकडे उचलून पीपीटीत टाकतो. थांबा भाऊ, आधी बघा ही सरासरी काढलीय कशी.

लांबी घ्या. नऊ धागे १ मिमीचे, एक ११ मिमीचा. नगावर मोजलं तर सरासरी २ मिमी, लांबीनुसार वजन दिलं, म्हणजे लांब धागा हिशोबात जास्त धरला, तर ६.५. दोन्ही बरोबर, पण ताकद बघायची असेल तर दुसरा आकडा कामाचा, कारण निम्म्याहून जास्त माल त्या एकट्या धाग्यात आहे. कापसाच्या एचव्हीआय (कापूस तपासायचं मशीन) रिपोर्टमधली अप्पर हाफ मीन लेन्थ पण सगळ्या कापसाची नसते, वजनाने लांबवाल्या अर्ध्या भागाची असते, म्हणून मोठी दिसते. आणि हो, फोटोच्या कडेला लागलेले धागे सॉफ्टवेअरने गाळले असतील तर लांबी कमीच येणार, कडेला लांबवालेच जास्त लागतात ना.

खरी भानगड कोनाची. धाग्याला शेंडा-बुडखा नसतो, ० अंश आणि १८० अंश एकच. एक धागा ५ वर, दुसरा १७५ वर, दोघं जवळपास आडवेच, पण साधी सरासरी काढली की ९० म्हणजे उभे! म्हणून आधी कोन दुप्पट करायचे (१० आणि ३५०), त्यांची दिशा म्हणून सरासरी काढायची, ती येते ०, मग निम्मी करायची. एक्सेलच्या अ‍ॅव्हरेजवर इथे भरवसा ठेवूच नका.

ऑर्डर पॅरामीटर, म्हणजे धागे किती एका दिशेत आहेत ते सांगणारा आकडा, १ आला तर सगळे एका दिशेत, ० आला तर विस्कळीत असं सांगतात, पण अर्धे आडवे अर्धे उभे ठेवले तरी ० च येतो, तेव्हा हिस्टोग्राम (कोणत्या कोनावर किती धागे याचा आलेख) उघडून शिखरं किती ते बघाच. थ्रीडीत हेच सांगणारा हर्मन्स फॅक्टर वेगळा, तो उणे ०.५ पर्यंत जातो, सपाट मॅटच्या आकड्याशी त्याची तुलना नको.

इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरचं ओरिएंटेशनजे प्लगिन (कोन काढणारं) पिक्सेल मोजतं, धागे नाही, त्यामुळे जाड धाग्याचं वजन आपोआप वाढतं. शिखर बरोबर ० किंवा ९० वर आलं तर जरा संशय घ्या, तोच नमुना ३० अंश फिरवून परत स्कॅन करा, शिखर ३० ने सरकलं तर धाग्यांचं, जागेवरच राहिलं तर स्कॅनरचं नाहीतर पिक्सेलचं.

आडव्या छेदातल्या लंबगोलावरून कोन काढायची पद्धत मात्र केळीला लावू नका, ती गोल धाग्यासाठी आहे (गोल धागा तिरका कापला गेला की छेद लंबगोल दिसतो), काचेच्या तंतूला ठीक, केळीचा धागा मुळातच गोल नसतो.