पुणे, श्टुटगार्ट, नागोया: तीन देशांतल्या ऑफिसांची मूल्यं मोजायची कशी

समजा एकच कंपनी आहे, एक ऑफिस पुण्यात, एक श्टुटगार्टला, एक नागोयाला, आणि तुम्हाला एचआरसाठी किंवा एमबीएच्या प्रोजेक्टसाठी बघायचंय की साहेबाशी कसं वागायचं, नियम किती पाळायचे, याबद्दल तिथल्या लोकांचे विचार किती वेगळे आहेत. तर पहिली विनंती, नेटवरून पॉवर डिस्टन्सचे (म्हणजे सत्ता सारखी वाटलेली नसते हे लोक किती गृहीत धरतात, त्याचं माप; आकडा मोठा तर साहेबाशी अंतर जास्त) भारत ७७, जपान ५४, जर्मनी ३५ हे आकडे उचलून थेट स्लाइडवर टाकू नका. ते डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांच्या कामातून आलेत, १९६७ ते १९७३ मध्ये आयबीएमच्या कर्मचाऱ्यांनी भरलेले १ लाखाहून जास्त फॉर्म त्यांनी तपासले होते. काम अफाटच आहे, पण ती माणसं एका कंपनीची आणि त्या काळातली, तुमच्या ऑफिसातली नाहीत.

स्वतः मोजायचं तर त्यांचीच व्हीएसएम २०१३ (व्हॅल्यूज सर्व्हे मोड्यूल) प्रश्नावली घ्या, संशोधनासाठी फुकट मिळते, कंपनीच्या धंद्यासाठी वापरणार असाल तर आधी परवानगी काढा. मूल्यांचे २४ प्रश्न, संस्कृतीचे सहा पैलू (पॉवर डिस्टन्स त्यातलाच एक), दर पैलूला चार, वर वय शिक्षण वगैरे सहा.

आता खरं काम आहे माणसं निवडायचं, आणि इथेच बहुतेक सर्व्हे फसतात. पुण्यात नुकते लागलेले डेव्हलपर आणि श्टुटगार्टला वीस वर्षं मुरलेले मॅनेजर घेतलेत तर जो फरक दिसेल तो वयाचा आणि पदाचा असेल, देशाचा नाही. त्यामुळे काम, पद, शिक्षण, वय, बायका-पुरुषांचं प्रमाण, हे सगळं तिन्हीकडे शक्य तितकं सारखं ठेवा. प्रत्येक देशातून कमीत कमी २० जण हवेत, ५० मिळाले तर उत्तम. आणि श्टुटगार्टच्या ऑफिसात ऑनसाइट गेलेली आपली पुण्याची मंडळी असतातच, त्यांचे फॉर्म जर्मनीत मिसळू नका, राष्ट्रीयत्वाचा प्रश्न त्यासाठीच आहे.

भाषांतर एकाने करायचं, आणि मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून तपासायचं. यात घाई नको.

हिशोब सोपा आहे, एक्सेलमध्ये होतो. पॉवर डिस्टन्ससाठी आधी प्रत्येक देशाची प्रश्नवार सरासरी काढा. मग सातव्या प्रश्नाच्या सरासरीतून (साहेबाने आपलं मत विचारावं हे किती महत्त्वाचं) दुसऱ्याची वजा करा (साहेब आदर वाटावा असा असणं किती महत्त्वाचं), गुणिले ३५. विसाव्यातून (हाताखालचे लोक साहेबाला विरोध करायला किती वेळा घाबरतात) तेविसाव्याची वजा करा (एका माणसाला दोन साहेब नकोतच), गुणिले २५. दोन्हींची बेरीज. ही वजाबाकी मला फार आवडते, कारण काही ठिकाणी लोक सगळ्यालाच 'अत्यंत महत्त्वाचं' म्हणतात, काही ठिकाणी मधलाच पर्याय धरतात, आणि सात वजा दोन केलं की ती सवय बरीचशी गळून जाते. शेवटी एक स्थिर आकडा मिळवायचा असतो, तो फक्त स्कोअर ० ते १०० मध्ये बसावा म्हणून, तुम्ही ठरवायचा आणि तिन्ही देशांना एकच. म्हणूनच तुमचा पुण्याचा ६० छापील ७७ शी ताडून बघण्यात अर्थ नाही, अंतर बघा. छापील आकड्यांत भारत-जर्मनी अंतर ४२ आहे, तुमचं किती येतं?

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, हा स्कोअर गटाचा आहे. एका माणसाचा फॉर्म या सूत्रात घालून 'हा साहेबाला घाबरणारा' असं अप्रेझलमध्ये लिहिणं सरळसरळ अन्याय आहे, ही प्रश्नावली त्यासाठी बनलेलीच नाही.

'कसं आहे' आणि 'कसं असायला हवं' हे वेगवेगळं विचारायचं असेल तर ग्लोब या संस्कृती आणि नेतृत्वाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पद्धत बघा, ६२ समाजांतल्या सुमारे १७ हजार मधल्या फळीतल्या मॅनेजरांना त्यांनी दोन्ही विचारलं, आणि पॉवर डिस्टन्स जवळजवळ सगळीकडे आहे त्यापेक्षा कमी हवं असंच निघालं. पुण्यातल्या साहेबांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे.

आकडे आले की रिपोर्टच्या आधी प्रत्येक ऑफिसातल्या चार-पाच जणांशी त्यांच्या भाषेत बोला, त्यांच्या साहेबांना बाजूला ठेवून, आणि विचारा की मागच्या मीटिंगमध्ये डेडलाइन जमणार नाही हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि पुढे काय झालं.