मृगाआधी मुरमाचा खड्डा बघा, संत्र्याची फवारणी नंतर

रोहिणी निघाल्या, मृग तोंडावर आलं. बागेतली बाकीची कामं दोन दिवस मागे पडली तरी चालतील. आधी धुऱ्यालगतच्या मुरमाच्या खड्ड्यावर जाऊन या. त्यात कोळशावरच्या वीज केंद्राची राख पडली असेल तर दमदार पाऊस यायच्या आतच हालचाल करायची आहे.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, दीपनगर, कुठंही असो, गोष्ट एकाच वळणाने जाते. रस्त्याच्या कामाला मुरूम विकला, खड्डा उरला. मग टिप्परवाला येतो, "भाऊ, फुकटात भरून देतो, वावर सपाट होते." आपल्यालाही ते बरंच वाटतं. पण मुरूम म्हणजे झिजलेला खडक आणि विहिरीचे झरे बहुतेक त्याच थरातून येतात. वरची काळी माती काढली म्हणजे पाण्याची गाळणीच काढून टाकली. राखेतलं बोरॉन आणि सल्फेट पावसाच्या पाण्यात चटकन सुटतं. आर्सेनिक, सेलेनियम ही विषारी द्रव्यंही असतात.

अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या गॅम्ब्रिल्सला हेच झालं. वाळू-खडीच्या जुन्या खाणींत, खाली अस्तर न घालता, 1995 पासून राख ओतली. आजूबाजूच्या घरांच्या विहिरी बिघडल्या आणि 2007 मध्ये राज्याने कंपनीला 10 लाख डॉलर दंड केला. आपल्याकडे जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, तो सगळ्यांनी पाहिला. खड्डा जमिनीखाली गळतो, तो कुणालाच दिसत नाही.

संत्र्याला बोरॉन सोसत नाही. ओलिताच्या पाण्यात लिटरला 0.5 ते 0.75 मिलिग्रॅमच्या वर गेलं की जुन्या पानांचे शेंडे आधी पिवळे पडतात, मग कडा करपतात, मग पानगळ. कोवळी पालवी मात्र चांगली दिसते. शेजारची कपाशी त्याच पाण्यावर हिरवीगार असते, म्हणून पाण्यावर संशयच जात नाही. शेतकरी करपलेलं पान खिशात घालून दुकानात जातो आणि दुकानदार महागडी सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली हातात ठेवतो. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा, त्यात बहुधा बोरॉनच असतं! पाण्याचा अहवाल येईस्तोवर असली एकही बाटली विकत घेऊ नका.

पाणी तपासायला देताना पंप 15-20 मिनिटं चालू द्या. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. काचेची नको, काही काचांतूनच बोरॉन उतरतं. भूजल सर्वेक्षणाच्या किंवा इतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देताना बोरॉन, सल्फेट, आर्सेनिक अशी नावं घेऊन सांगा, कारण ओलिताच्या साध्या तपासणीत सामू (पीएच) आणि क्षारांवरच काम भागवतात. दुसरा नमुना दिवाळीनंतर. एकच विहीर तपासणं परवडत असेल तर खड्ड्याच्या उताराकडची घ्या. तीच आधी बिघडते असा माझा अंदाज आहे, त्याला कागदाचा आधार नाही.

राख आधीच पडली असेल तर वरच्या अंगाला चर काढून वाहतं पाणी वळवा. राखेवर चिकण काळ्या मातीचा जाड थर दाबून, मधे उंचवटा ठेवून घाला, वर गवत लावा. त्या खड्ड्याचं शेततळं करू नका, त्यातून विहीर पुनर्भरण तर मुळीच नको. नवीन टिप्पर आला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी दाखव म्हणा. सखल जागा राखेने भरायला ती लागते. परवानगी नसेल तर गाडीच्या नंबरासकट फोटो काढा आणि ग्रामपंचायतीत अर्ज देऊन पोच घ्या.

बागेची नेहमीची कामं:
- वाळलेल्या फांद्या छाटणे
- खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर)
- ओळींमधून उताराला चर
- डिंक्या (खोडातून डिंक गळणं) दिसला तर मेटालॅक्झिल-मॅन्कोझेब बुरशीनाशक, लिटरला 2.5 ग्रॅम, बुंध्याशी आळवणी

अहवालात बोरॉन वाढलेलं निघालं तर त्या विहिरीचं पाणी संत्रा-मोसंबीला बंद, कपाशीला चालेल. आर्सेनिक लिटरला 0.01 मिलिग्रॅमच्या वर असेल तर पिण्याला आणि स्वयंपाकाला त्याच दिवसापासून बंद. उकळून ते जात नाही, तुरटीच्या भरवशावरही राहू नका.