‘अडुसष्ट नंबर द्या’ एवढंच सांगू नका: मशीनच्या तेल-ग्रीसमधल्या चुका

स्टोअरमध्ये जाऊन ‘अडुसष्ट नंबर द्या’ म्हटलं की अर्धी चूक तिथेच होते. बॅरलवरचा व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड) ६८ हा आकडा फक्त तेलाचा दाटपणा सांगतो: ४० अंश सेल्सिअसला ६८ सेंटिस्टोक, दहा टक्के इकडेतिकडे. तेलात अॅडिटिव्ह कोणती आहेत ते त्यावरून कळत नाही. हायड्रॉलिक ६८ आणि स्लाइडवे (मशीनच्या सरकपट्ट्यांचं तेल) ६८ बोटांत चोळून सारखीच वाटतील, पण लेथच्या बेडवर हायड्रॉलिक तेल घातलं की कमी फीडला कॅरेज झटके देत सरकते. मग फिटर उगाच जिब (सरकत्या भागातली ढिलाई काढणारी पट्टी) आवळत बसतो.

हायड्रॉलिक पावरपॅकमध्ये (पंप आणि तेलटाकीचा संच) इंजिन ऑइल ओतणारेही कमी नाहीत. त्यातले डिटर्जंट पाण्याला तेलातच धरून ठेवतात, त्यामुळे ते तळाशी बसत नाही आणि ड्रेन करून काढताही येत नाही.

वर्म गिअरबॉक्सचं चाक बहुतेक वेळा ब्राँझचं असतं. सक्रिय गंधक असलेलं ईपी (जास्त दाब सोसणारं) तेल गरम झालं की हा पिवळा धातू खातं. तेव्हा डेटाशीट वाचूनच तेल घ्या. गिअरबॉक्सवर ‘पीएजी’ (पॉलिअल्किलीन ग्लायकॉल, एक कृत्रिम तेल) लिहिलं असेल, तर त्यात मिनरल तेलाचा टॉप-अप अजिबात नको. ती दोन एकमेकांत मिसळत नाहीत.

पुष्कळ बेअरिंग मात्र ग्रीसच्या अतिप्रेमाने जातात. मोटर गरम लागली की ग्रीस गन लावायची आणि सीलमधून बाहेर येईपर्यंत दाबायची, ही सवयच पडलेली असते. जादा ग्रीस आत घुसळलं जातं आणि तापमान आणखी चढतं. प्रमाणाचा हिशेब सोपा आहे: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी (दोन्ही मिलिमीटरमध्ये) गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६३१० बेअरिंगचा व्यास ११० आणि रुंदी २७, म्हणजे एका वेळी साधारण १५ ग्रॅम. आपली गन एका दाबाला किती ग्रीस देते, ते दहा स्ट्रोक कागदावर काढून काट्यावर बघा. प्रत्येक गनचं माप वेगळं निघतं. निप्पल आधी पुसा, ड्रेन प्लग असेल तर उघडा.

रंगावरून ग्रीस ओळखू नका, लाल-निळा हा नुसता रंग असतो. पुष्कळ मोटरींमध्ये कारखान्यातूनच पॉलियुरिया ग्रीस भरलेलं येतं. त्यावर लिथियम ग्रीस मारलं, तर मिश्रण पातळ होऊन गळू शकतं.

पावसाळ्यात उघड्यावर उभा ठेवलेला बॅरल झाकणाभोवती साचलेलं पाणी आत ओढतो. दिवसा तापून आतली हवा फुगते, रात्री आकसते, तेव्हा हे घडतं. बॅरल शेडमध्ये ठेवा. ते जमत नसेल तर आडवा ठेवा, दोन्ही बूच एका आडव्या रेषेत आणि तेलाच्या पातळीखाली.

टाकीत तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय: कूलर आणि ब्रीदर (टाकीत हवा आत-बाहेर होऊ देणारं झाकण) तपासा. फेस येत असेल तर तेल बदलण्याआधी लेव्हल आणि सक्शन लाइनचे जॉइंट बघा, बहुधा तिथूनच हवा ओढली जात असते.