लॅपटॉप तापतोय? थर्मल पेस्ट बदलण्याआधी आणि बदलताना

एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीकडे सरकला की सहा-सात वर्षांचे लॅपटॉप कुरकुरायला लागतात. फॅन घोंघावत राहतो, तळाचा चटका बसतो, चार टॅब उघडल्या की सगळं रेंगाळतं. तरी लगेच थर्मल पेस्टची, म्हणजे प्रोसेसरची चिप आणि तिच्यावरचा हीटसिंक यांच्यामध्ये लावायच्या लेपाची, ट्यूब मागवू नका. दोष पेस्टचा आहे की धुळीचा, हे आधी बघा.

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून ठेवा आणि सिनेबेंचसारख्या एखाद्या चाचणीने प्रोसेसरला कामाला जुंपा. तापमान दोन-तीन सेकंदांत ९५ अंशांवर गेलं आणि चाचणी थांबवताच धाडकन खाली आलं, तर चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत (ती ओढून घेणाऱ्या तांब्याच्या भागापर्यंत) पोचतच नाहीये. म्हणजे पेस्ट गेली. (अगदी पातळ बांध्याच्या लॅपटॉपमध्ये नवा असतानाही अशी उडी दिसते, तेवढं ध्यानात ठेवा.) उलट ते पाच-दहा मिनिटं घेत सावकाश चढत असेल आणि उतरायलाही वेळ घेत असेल, तर गरम हवा बाहेर जाण्याची जाळी तुंबली आहे किंवा फॅन थकलाय. हळदीच्या पेठेजवळच्या किंवा गळीत हंगामात कारखान्याची काजळी पडते तिथल्या दुकानातला लॅपटॉप असेल, तर पहिला संशय जाळीवरच घ्यावा. मग नुसती सफाई पुरते.

पेस्टचं काम एवढंच: चिप आणि तांब्याचा पत्रा कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचा असतात आणि त्यांत हवा बसते. उष्णता वाहून नेण्यात तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास, चांगल्या पेस्टचा ४ ते ८, आणि हवेचा ०.०२६. म्हणून पेस्ट हवेपेक्षा खूप बरी, पण तांब्यापुढे काहीच नाही. खाचा भरण्यापुरतीच हवी.

सामान फार नाही. शून्य आणि दोन-शून्य नंबरचे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, जुनं सिमकार्ड किंवा गिटारचं पिक, मऊ ब्रश, धागे न सुटणारं कापड आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागा. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. पेस्ट जरा घट्ट घ्या. लॅपटॉपची चिप उघडी असते, तापून-निवून पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते आणि मधला भाग कोरडा पडतो. ४ ग्रॅमची ट्यूब बऱ्याच वेळा पुरते. लिक्विड मेटलच्या (पेस्टऐवजी वापरतात त्या पातळ धातूच्या) नादी लागू नका: त्यातून वीज वाहते, एक थेंब सांडला तर बोर्ड जातो, आणि ॲल्युमिनियमला लागलं तर तेही खातं.

लॅपटॉप दहा मिनिटं चालवून बंद करा. कोमट पेस्ट सहज सुटते. चार्जर काढा. तळाचे स्क्रू काढताना पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी टोचत जा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं. रबरी पायाखाली एखादा लपलेला असतो. कव्हर निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं, इतर कशालाही हात लावण्यापूर्वी.

हीटसिंकवर स्क्रूंच्या शेजारी बहुधा १, २, ३, ४ असे आकडे असतात. सोडवताना उलट क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा. हीटसिंक अडला तर वर ओढू नका, डावीकडे-उजवीकडे हलकं फिरवा. खालची चिप काचेसारखी असते, कोपरा उडाला की मदरबोर्डच बदलायची वेळ येते. फॅन आणि जाळी यांच्यात साचलेली धुळीची गादी चिमट्याने उचला. हवा मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती वाजवीपेक्षा जोरात फिरून बेअरिंग खराब होतं.

मेमरीच्या चिपांवरचे मऊ पॅड शाबूत असतील तर हलवू नका. फाटले असतील तर तेवढ्याच जाडीचे घ्या, अर्धा मिलिमीटर जास्त झाला तरी हीटसिंक प्रोसेसरवर टेकत नाही. आणि पॅडच्या जागी पेस्ट लावून तर अजिबात भागत नाही, ती फट पेस्टने भरण्याइतकी लहान नसते.

जुनी पेस्ट आयपीएने चिप आणि तांबं दोन्हीवरून पुसा आणि दोन मिनिटं वाळू द्या. मग चिपच्या मधोमध ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी पेस्ट. लांबट चिपवर दोन दाणे. सिमकार्डाने पातळ पसरवा, कोपरे उघडे राहू देऊ नका. हीटसिंक सरळ खाली ठेवा, १-२-३-४ क्रमाने आधी सगळे अर्धे आणि मग पूर्ण आवळा. स्क्रू आपोआप थांबतो, तिथेच थांबायचं.

फॅनची वायर आणि मग बॅटरी जोडा. बटण दाबून काहीच झालं नाही तर घाबरू नका. बॅटरी काढून लावल्यावर काही लॅपटॉप चार्जर जोडल्याशिवाय जागे होत नाहीत. तीच चाचणी पुन्हा चालवा. प्रोसेसरचा एखादा कोर (त्यातला एक स्वतंत्र भाग) बाकीच्यांपेक्षा १५ अंशांनी गरम दिसला तर दाब एका बाजूला पडलाय. हीटसिंक काढा, सगळं पुसा आणि नव्याने पेस्ट लावा. उचललेला हीटसिंक त्याच पेस्टवर परत टेकवला तर मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात.