जीवशास्त्र करायचंय? आधी एक कांदा घ्या

हायर सेकंडरीच्या बायोलॉजी लॅबमध्ये मी २२ वर्षं काचसामान धुतोय. डिचोली-साखळीकडची नवी बॅच आली की ठरलेला प्रश्न येतो: "काका, दोन वर्षांत बायोलॉजी कसं होणार?" पुढे कोणी बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) जातं, कोणी बीएस्सीला. सगळ्यांना माझं एकच सांगणं: पाठांतर मागाहून, आधी कांदा.

कांद्याची वाळलेली मुळं खरवडा आणि तो पाणी भरलेल्या पेल्यावर असा ठेवा की बूड जेमतेम पाण्याला टेकेल. चार-पाच दिवसांत दोन-तीन सेंटिमीटर मुळं फुटतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास त्यांची टोकं कापा. एक भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात ती दिवसभर राहू देत. पुढचं लॅबमध्ये. स्लाइडवर फक्त शेवटचे दोन-तीन मिलिमीटर घ्यायचे, पेशी तिथेच विभागतात. पोरं मधलाच तुकडा घेतात आणि "काहीच दिसत नाही" म्हणून माझ्यावर डाफरतात! अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंगाचे दोन थेंब, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एक, मग दिव्यावर नुसती ऊब. उकळू द्यायचं नाही. घाईघाईत मी सुरुवातीला दोन स्लाइडी तडकवल्यात. कव्हरस्लिपवर ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठा सरळ खाली दाबा. आडवा सरकला की सगळा चिखल.

आता जर्नल. गाइडमधून उतरवलेल्या चित्रात पेशीविभाजनाच्या चारही अवस्था मण्यांसारख्या ओळीने बसलेल्या असतात. मायक्रोस्कोपखाली बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे विभाजन सुरू होण्याआधीच्या अवस्थेत सापडतात; मेटाफेज, म्हणजे गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात ती अवस्था, शोधावी लागते. तोंडीला नेमकं तेच विचारलं की उतरवणारा गप्प.

इंग्रजी शब्द अडला तर घरच्या भाषेत बोलून बघा. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तेच ऑस्मोसिस.

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे, चुकलं की एक वजा. त्यासाठी एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचा, आकृत्यांखालची बारीक अक्षरंसुद्धा. क्लासच्या जाडजूड नोट्स नंतर.

आणि एखाद्या रविवारी रायबंदरहून फेरीने चोडणला जा. ओहोटीला चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं मोजा. तिवराचं पान पालथं करून जिभेला लावा. खारट लागलं, तर सोमवारी मला येऊन सांगा ते मीठ पानावर आलं कुठून.